उलाढाल आणि शिल्लक

समुद्रशैवालाने जग तरणार आहे, असे गेली काही वर्षे आपल्याला सांगण्यात येत आहे. सांगणारी माणसे साधीसुधी नाहीत. त्यांत शास्त्रज्ञ आहेत, सरकारी खात्यांतले अधिकारी आहेत, भांडवल गुंतवणारे आहेत, आणि नवी गोष्ट सर्वांच्या आधी ऐकून सर्वांच्या आधी सांगण्याची ज्यांना हौस असते असे लेखकही आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: समुद्रातले हे शेवाळ जमिनीवरच्या कोणत्याही झाडापेक्षा झपाट्याने वाढते, वाढताना ते कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या सोयीसाठी ज्याला कर्बवायू म्हणू, तो ओढून घेते, सबब ते भरपूर लावावे, कापावे, त्याचे इंधन करावे, खत करावे, उरलेले समुद्राच्या तळाशी बुडवावे, आणि कारखान्यांनी व मोटारींनी गेली दीडशे-दोनशे वर्षे हवेत सोडलेल्या धुराची चिंता त्याच्यावर सोपवून आपण निर्धास्त झोपावे.

मी हे लिहितो आहे ते सोलापुरातून. येथून समुद्र फार दूर. मध्ये सह्याद्री उभा आहे, आणि तो समुद्राकडून येणारा पाऊसही बराचसा पलीकडेच उतरवून घेतो. आमच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. अशा गावातल्या माणसाने समुद्रशैवालाविषयी बोलावे, हा कोणाला आगंतुकपणा वाटेल. परंतु या विषयावर बोलण्याचा हक्क आम्हां सोलापूरकरांना दोन कारणांनी पोचतो. एक तर हे व्यापाऱ्यांचे गाव आहे. चाटी गल्लीतल्या कापडाच्या पेढीवर नुकताच बसू लागलेला मुलगाही पहिल्या वर्षात एक गोष्ट शिकतो, ती ही की, उलाढाल म्हणजे शिल्लक नव्हे. वर्षभरात लाखोंचा माल आला आणि लाखोंचा गेला, तरी पाडव्याला वहीत काय उरले हा प्रश्न निराळाच असतो. दुसरे कारण अधिक कडू आहे. भराभर वाढणाऱ्या हिरव्या वस्तूवर सारा भरवसा टाकला म्हणजे काय होते, याचा प्रयोग आमच्या जिल्ह्यात गेली चार दशके चालू आहे. त्या वस्तूचे नाव ऊस.

या दोन शिकवणींच्या आधाराने मला असे म्हणायचे आहे की, झपाट्याने वाढणे हा कर्ब साठवण्याचा पुरावा नाही. आणि जे लोक वाढीचे आकडे दाखवून साठ्याचे श्रेय मागतात, ते उलाढाल दाखवून शिल्लक असल्याचा आव आणतात. व्यापारात अशा माणसाला काय म्हणतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रथम प्रतिपक्षाला त्याचे सारे देणे देऊन टाकू. समुद्रशैवाल ही खरोखरच अद्भुत वनस्पती आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे महाकाय केल्प अनुकूल दिवसांत एका दिवसात अर्ध्या मीटरहून अधिक वाढते. आमच्या कृष्णाकाठच्या बांबूनेही मान खाली घालावी अशी ही चाल आहे. त्याला जमीन लागत नाही, गोडे पाणी लागत नाही, नांगरट लागत नाही, युरियाचे पोते लागत नाही. ज्या देशात पाण्याच्या एका पाळीसाठी भाऊ भावाच्या अंगावर जातो, त्या देशात ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय समुद्रशैवाल आपल्याला वाटते तितके परकेही नाही. ज्या चायना ग्रासने घरातली खरवसासारखी थरथरणारी मिठाई जमते, ते समुद्रशैवालाचेच सत्त्व आहे. रोगजंतू वाढवून पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जो अगार लागतो तोही त्याचाच. इफ्को या खतसंस्थेचे ‘सागरिका’ नावाचे जे द्रावण आमच्याकडचे शेतकरी पिकावर फवारतात, ते भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेच्या विद्येतून आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दोरांना बांधून वाढवलेल्या शैवालातून निघालेले आहे. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेपर्यंत समुद्र असा बाटलीत भरून आलेला आहे. तामिळनाडूत मंडपमच्या बाजूला या शेतीवर मासेमारांच्या घरांतल्या बायकांना स्वतःच्या हाताची मिळकत मिळते. या सर्वांचे मला कौतुक आहे. माझे भांडण शैवालाशी मुळीच नाही. ते आहे शैवालाच्या नावाने वही लिहिणाऱ्यांशी.

आता वही उघडू. एक टन ओले शैवाल पाण्यातून काढले, तर त्यातले सुमारे नऊशे किलो पाणीच असते. उरलेल्या शंभर किलो सुक्या मालात पंचवीस-तीस किलो कर्ब असतो. तीस धरला, तर तो एकशेदहा किलो कर्बवायूच्या बरोबरीचा होतो. साऱ्या जगात आज वर्षाकाठी साडेतीन-पावणेचार कोटी टन ओले समुद्रशैवाल निघते, त्यातले बहुतेक चीन, इंडोनेशिया आणि त्यांच्या शेजारच्या देशांतले. म्हणजे जगाच्या साऱ्या शैवालपिकाच्या अंगात मिळून चाळीस लाख टनांच्या आसपास कर्बवायू आहे. आकडा ऐकायला मोठा वाटतो. परंतु सोलापूर शहराच्या दक्षिणेला फताटेवाडीला जाऊन एकदा उभे राहावे. तेथे राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे १,३२० मेगावॉटचे कोळशाचे वीजकेंद्र आहे. ते पूर्ण ताकदीने चालले, तर दिवसाला पंचवीस हजार टनांहून अधिक कर्बवायू त्याच्या धुराड्यांतून बाहेर पडतो. भागाकार करून पाहावा. साऱ्या पृथ्वीच्या समुद्रांत माणसाने वर्षभर कष्टून पिकवलेले शैवाल आमच्या एकट्या सोलापूरच्या केंद्राला जेमतेम एकशेसाठ दिवस पुरते! आणि तेही केव्हा, तर ते सारे शैवाल कोणी खाल्ले नाही, जाळले नाही, कुजू दिले नाही, तर. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग माणसाच्या पोटात जातो किंवा कारखान्यात त्याचे सत्त्व काढले जाते, आणि काही आठवड्यांत, फार तर काही वर्षांत, त्यातला कर्ब पुन्हा हवेत जातो. आला आणि गेला. वहीत शिल्लक काय? जवळजवळ शून्य.

यावर शैवालाचे वकील म्हणतात की, शेतीचे सोडा, निसर्गात वाढणाऱ्या शैवालाचे पाहा. त्याचे तुकडे समुद्राच्या खोल तळाशी जातात आणि तेथे शतकानुशतके राहतात. हे खरे आहे, आणि याचा सर्वांत अधिक उल्लेखला जाणारा हिशेब डोर्टे क्राउझे-येन्सेन आणि कार्लोस दुआर्ते या दोन शास्त्रज्ञांनी २०१६ साली ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात मांडला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे जगातली सारी समुद्रशैवाले वर्षाला सुमारे १५२ कोटी टन कर्ब आपल्या वाढीत बांधतात. आणि त्यातला सुमारे १७ कोटी टन दीर्घकाळ बाजूला पडतो. शंभरातले अकरा! प्रामाणिक शास्त्रज्ञांप्रमाणे त्यांनी हेही सांगितले की, हा आकडा सहा कोटींपासून सत्तावीस कोटींपर्यंत कोठेही असू शकेल. म्हणजे ज्या लेखाचा दाखला देऊन शैवालाचे ढोल वाजवले जातात, तोच लेख सांगतो की उलाढाल शंभर आणि शिल्लक अकरा. आणि त्या अकराचे मापही अजून नीट झालेले नाही. ढोल मात्र शंभराचाच वाजतो.

आणखी एक बारकावा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. शैवाल कर्ब घेते तो पाण्यात विरघळलेला. पाण्यात तूट पडली म्हणजे मग पाणी ती तूट हवेतून भरून काढते. पण या भरपाईला वेळ लागतो. आणि तोवर ते पाणी प्रवाहाबरोबर खाली गेले, तर हवेतला कर्बवायू होता तेथेच राहतो. म्हणजे शैवालाने पाण्याकडून वसुली केली, एवढ्यावरून पाण्याने हवेकडून वसुली केलीच असे होत नाही. परंतु हुंडी लिहिणारा एवढे थांबत नाही.

हुंडी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण हा सारा उत्साह केवळ विज्ञानाचा नाही. त्याच्यामागे एक बाजार उभा आहे. एखाद्या कंपनीने अमुक टन कर्ब बाजूला काढल्याचे प्रमाणपत्र तयार करावे, दुसऱ्या कंपनीने ते विकत घ्यावे आणि त्या बळावर आपला धूर चालू ठेवावा, असा हा व्यवहार. हुंडी वाईट नसते. पण पलीकडच्या पेढीवर पैसे नसतील तर ती नुसता कागद. अमेरिकेतल्या मेन राज्यातली ‘रनिंग टाइड’ नावाची कंपनी समुद्रात केल्प वाढवून बुडवण्याच्या कल्पनेवर नावारूपाला आली. प्रत्यक्षात तिने २०२३ साली आइसलंडजवळच्या समुद्रात जे हजारो टन सोडले, ते चुनखडीचा लेप दिलेल्या लाकडाच्या ढलप्या होत्या. २०२४च्या जूनमध्ये कंपनी बंद झाली. ढलप्या तळाशी गेल्या. त्यांचे पुढे काय झाले हे वर्षानुवर्षे पाहत राहायला ती पेढीच उरली नाही. अशा बाजारात धूर आज निघतो, रोख निघतो. आणि त्याची फेड मात्र पुढच्या शंभर वर्षांच्या भरवशावर होते.

बरे, बुडवायचे नको. जाळू या, त्याचे इंधन करू या, असे कोणी म्हणेल. जळणाचा विचार आम्ही कोरडवाहू मुलखातले लोक करू शकतो. चुलीत ओले लाकूड घालणाऱ्या बाईला जे कळते, ते योजना आखणाऱ्यांना कळू नये याचे नवल वाटते. एका टन शैवालातले नऊशे किलो पाणी उष्णता देऊन उडवायचे, तर निव्वळ वाफ होण्यालाच सुमारे दोन हजार मेगाज्यूल उष्णता लागते; आणि मागे उरलेला शंभर किलो सुका माल जाळला, तर त्यातून बाराशेच्या आसपास मिळते, कारण त्यात राख आणि मीठ फार. बाराशे मिळवायला दोन हजार खर्च! उन्हात वाळवता येते हे खरे. पण लाखो टन माल किनाऱ्यावर पसरायला जागा कोठे आहे? आणि वाळवूनही त्यातले क्षार बॉयलर खातात ते खातातच. राहिला मार्ग तो कुजवून गॅस काढण्याचा. तो मार्ग खोटा नाही. परंतु नवाही नाही. १९७०च्या दशकात तेलाची टंचाई आली तेव्हा अमेरिकेने हेच स्वप्न पाहिले होते. खुल्या समुद्रात केल्पची विस्तीर्ण शेते आणि त्यांतून निघणारा इंधनवायू! कॅलिफोर्नियाच्या समुद्रात त्याची चाचणी-शेतीही केली. लाटांनी आणि प्रवाहांनी ती टिकू दिली नाही, आणि तेल स्वस्त होताच स्वप्न गुंडाळले गेले. आज पुन्हा तेच स्वप्न विकावयास आले आहे, आणि जुन्या स्वप्नाचे काय झाले हे विकणारा सांगत नाही.

आता मी आमच्या उसाकडे येतो, कारण समुद्राच्या बाबतीत जे उद्या होईल ते आमच्याकडे कालच होऊन गेले आहे.

ऊस हे कर्ब ओढण्यात जमिनीवरचे एक अव्वल पीक. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या गटाला ‘सी-फोर’ म्हणतात त्यातले हे गवत. कडक उन्हात, कमी कर्बवायूतही ते आपले काम जोमाने करते. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि जिल्ह्याचे रूप पालटले. आज राज्यात सर्वांत अधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, तीसहून अधिक. माढा, माळशिरस, पंढरपूर या बाजूला हिवाळ्यात फिरावे, तर डोळ्याला पोचेल तेथपर्यंत हिरवे. वाढीच्या मापाने पाहिले, तर आमचा जिल्हा म्हणजे कर्ब ओढणारे एक प्रचंड यंत्रच. मग आमच्या वहीत त्याची शिल्लक किती? साखर खाल्ली जाते आणि खाणाऱ्याच्या श्वासातून कर्बवायू परत जातो. चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जळते. मळीचे इथेनॉल होते आणि मोटारीत जळते. शेतातले पाचट तर कित्येक ठिकाणी तेथेच पेटवून देतात. बारा-अठरा महिन्यांत सारे आले तसे गेले. ऊस हा कर्बाचा व्यापारी आहे, साठेकरी नव्हे.

येथे न्यायाने एक गोष्ट जमेला धरली पाहिजे. चिपाडावर वीज निघाली आणि तेवढा कोळसा खरोखर जळायचा राहिला, तर तो खरा नफा आहे. इथेनॉलमुळे तेवढे खनिज तेल वाचले, तर तोही. कर्ब जमिनीतून वर न येऊ देणे, ही या व्यवहारातली एकमेव सच्ची बचत; कारण जमिनीखालचा कोळसा हे मुद्दल आहे आणि पृथ्वीवरच्या वनस्पतींची ये-जा हा चालू खात्याचा व्यवहार. परंतु नफा धरताना खर्चही धरावा लागतो. एक हेक्टर ऊस पोसायला वीस हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी सहज लागते. राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आत-बाहेर जमीन उसाची, आणि सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी त्याला, हा हिशेब कोणा पर्यावरणवाद्याने मांडलेला नाही. तो केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाचा आहे. तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घाला, असे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जलसिंचन आयोगाने १९९९ सालीच सांगून ठेवले होते. ऐकले कोणी? उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी; त्यातला अर्ध्याहून अधिक साठा मृत, म्हणजे हात लावू नये असा. आणि २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेले, म्हणजे त्या मृत साठ्यातच खोल उतरले. सोलापूर शहराने कित्येक वर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाची वाट पाहिली आहे. ‘उजनी उणे’ हा मथळा आमच्याकडे पंचांगातल्या सणासारखा दर उन्हाळ्याला येतो. हिरवेपणाची उलाढाल डोळ्यांपुढे डुलत होती. शिल्लक धरणात उणी होत होती.

आणि याच जिल्ह्यात, याच मातीत, उसाच्याच ‘सी-फोर’ गटातले दुसरे एक गवत पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. मंगळवेढ्याची ज्वारी! मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ परतीच्या पावसाच्या ओलीवर, काळ्या रानातल्या साठवलेल्या पाण्यावर वाढते. तिची भाकरी माणसाला, कडबा जनावराला. तीही कर्ब ओढते. पण तिच्या नावाने कोणी प्रमाणपत्र काढत नाही, कारण तिची वाढ डोळे दिपवणारी नाही. वाढीचा वेग हेच माप ठरवले, की पाणी पिणारा जिंकतो आणि पाणी राखणारी हरते. मापच खोटे असेल तर स्पर्धेचा निकाल खरा कसा लागणार?

वेगाच्या भक्तांना आमच्याकडे दाखवण्यासारखे आणखीही आहे. सोलापुरातल्या कंबर तलावावर आणि उजनीच्या फुगवट्यावर जलपर्णी माजते. चांगला मैला-पाणी मिळाला, तर दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. वाढच मोजायची तर तिच्यासारखी कर्ब ओढणारी नाही! पण ती मरून पाण्यात कुजली म्हणजे त्यातून मिथेन निघतो, आणि तो कर्बवायूपेक्षा कित्येक पटींनी तापदायक. जो काढायचा, तोच अधिक घातक रूपात परत. शैवाल किनाऱ्यावर किंवा उथळ पाण्यात ढिगाने कुजले, तर तेथे निराळे काही होईल असे मानायला आधार नाही.

जलद वाढणारी वस्तू आपण आणली, तर ती आपल्याच ताब्यात राहील हाही एक भ्रम. एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडाकडून जळणासाठी आणि ओसाड जमिनी हिरव्या करण्यासाठी जी बाभूळ या देशात आणली, तिला आमच्याकडे लोकांनी ‘वेडी बाभूळ’ असे नाव दिले. एवढे नाव पुरेसे आहे. समुद्रातही तेच. कप्पाफायकस हे परदेशी शैवाल लागवडीसाठी मन्नारच्या आखातात आणले. २००८ साली कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर ते स्वैर पसरल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली. प्रवाळ गुदमरवणारे शैवाल ही समुद्रातली वेडी बाभूळच नव्हे काय? २०२० साली केंद्राने मत्स्यसंपदा योजनेत शैवालासाठी ६४० कोटी रुपये राखले आणि २०२५पर्यंत ११ लाख टनांहून अधिक उत्पादनाचे लक्ष्य ठेवले. त्या आकड्याच्या जवळपासही आपण पोचलो नाही. लक्ष्य हुकले याचे दुःख नाही. पण ते पुन्हा ठरवताना कोणते शैवाल, कोठे आणि कोणाच्या पदरी, हा प्रश्न लक्ष्याच्या आधी यावा.

या सर्वांहून मनाला लागणारी गोष्ट नान्नजच्या माळाची आहे. सोलापूरहून बार्शीच्या वाटेवर हे गाव. त्याच्या भोवतालच्या गवताळ माळावर माळढोक नांदत होता, म्हणून १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आले. पुढे त्याचे क्षेत्र बरेच कमी करण्यात आले. अभयारण्य असूनही त्या माळाला ‘हिरवा’ करण्याची हौस काही सुटली नाही. गिरिपुष्पासारखी परकी, भराभर वाढणारी झाडे माळावर लावण्यात आली. ज्या पक्ष्याला दूरवर दृष्टी टाकता येईल असे उघडे रान हवे, त्याच्या घरात आपण पडदे लावले. माळढोक जवळजवळ गेलाच. हे करणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांच्या डोळ्यांना गवत दिसत नव्हते, एवढेच. सरकारी नकाशात माळ म्हणजे पडीक, आणि पडीक म्हणजे झाड लावण्याची मोकळी जागा!

आणि गंमत अशी की, ज्या कर्बासाठी ही सारी धडपड, तो राखण्याचे काम माळाचे गवत आपल्या परीने करीतच असते. त्याची बरीचशी दौलत जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असते. वणव्यात वरचे पाते जळते. खालचे मुद्दल राहते. कमी पावसाच्या माळावर ती दौलत फार मोठी नसेल. पण तिला पाण्याची पाळी लागत नाही, आणि तिच्यावर धनगराची मेंढरे, लांडगा, काळवीट आणि चंडोल जगतात. २०२३ साली केंद्राने ‘ग्रीन क्रेडिट’ नावाची योजना काढली आणि पुढच्या वर्षी तिच्या नियमांत हेक्टरी किमान अकराशे झाडांची अट घातली. ज्या माळाने हजारो वर्षांत अकराशे झाडे मागितली नाहीत, त्याला ती घ्यावयास लावणारे हे कोणते शास्त्र? हे वाढीच्या मापाचे शास्त्र. ज्या मापाने समुद्रशैवालाला तारणहार ठरवले, त्याच मापाने माळाला पडीक ठरवले. म्हणूनच दूरच्या समुद्रातल्या गवताविषयीची ही चर्चा आमच्या अंगणातली आहे.

मग काय करावे, काहीच करू नये? असे मी मुळीच म्हणत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, मालवणपासून रत्नागिरीपर्यंत, स्थानिक जातींचे शैवाल अन्नासाठी, अगारासाठी, खतासाठी आणि तेथल्या मच्छीमार कुटुंबांच्या मिळकतीसाठी जरूर वाढवावे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था शेजारीच आहे, तिच्या अभ्यासाचा उपयोग व्हावा. त्यातून गोडे पाणी न पिणारे एखादे खत आमच्या डाळिंबाला मिळाले, तर आम्ही त्याचे पैसे देऊ. पण ते शैवालाचे पैसे असतील. हवा शुद्ध केल्याचे नव्हेत. ज्याला हवा शुद्ध केल्याचे पैसे हवेत, त्याने चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. जो कर्ब धरला, तो शंभर वर्षांनी कोठे असेल? तो तेथे आहे हे कोण, किती वर्षे, कोणाच्या खर्चाने पाहणार? त्याच्यामुळे नेमका किती कोळसा जमिनीखालीच राहिला? आणि हे करताना पाणी, जमीन, प्रवाळ किंवा माळ यांतले काय खर्ची पडले? ही चार उत्तरे शैवालवाल्याने द्यावीत, ऊसवाल्याने द्यावीत आणि वृक्षारोपणाचे फोटो काढणाऱ्यानेही द्यावीत. ज्याला देता येत नाहीत, त्याचा माल चांगला असेल. त्याची हुंडी आपण घेऊ नये.

कोळशाचे मुद्दल रोज फताटेवाडीला जळते आहे. ती वीज माझ्या घरातही येते, आणि या अंकाच्या बहुतेक वाचकांच्या घरांतही अशीच कोठून तरी येते. ते जळणे कमी करण्याचे उपाय अवघड, महाग आणि राजकीयदृष्ट्या गैरसोयीचे आहेत. सोलापूरच्या उन्हाची वीज, विजेची बचत, उसाचे पाणी कमी करणे, यांतला प्रत्येक उपाय कोणाच्या तरी हितसंबंधाला धक्का देतो. समुद्राच्या शेवाळाचा धक्का कोणालाच लागत नाही, म्हणून ते सर्वांना आवडते. ज्या उपायाने एकाही बलवान माणसाची गैरसोय होत नाही, तो उपाय तपासून घ्यावा, एवढेच माझे मागणे आहे. पाडव्याला नवी वही घालताना जुन्या वहीची बाकी आधी ओढतात. ती उणी असेल तर उणीच लिहितात.